कॉमिक आणि सिरीजमधलं राजकारण कसं बघायचं, आवड न घालवता

माझा एक मित्र आहे, शाळेपासून आम्ही कॉमिक्सची अदलाबदल करत आलोय, आणि गेली काही वर्षं तो दर दोन-तीन महिन्यांनी मला एकच वाक्य ऐकवतो, "पूर्वी कशी नुसती मारामारी आणि मजा असायची, आता प्रत्येक गोष्टीत राजकारण घुसडतात." सुरुवातीला मी चिडायचे, मग गप्प बसायला लागले, आणि दोन्हीचा काही उपयोग झाला नाही, कारण चिडून त्याला पटत नव्हतं आणि गप्प बसून मला चैन पडत नव्हतं. मग मी सरळ जुने अंक आणि जुने एपिसोड परत काढून बसले आणि करता करता माझी एक पद्धत तयार झाली, ती इथे सविस्तर लिहितेय कारण हाच वाद बहुतेक सगळ्या फॅन लोकांमध्ये कुठे ना कुठे चालू असतो. एक आधीच सांगते, या पद्धतीने माझी आवड कमी झाली नाही, उलट वाढली, नाहीतर मी हे कुणाला सांगायला आलेच नसते.

आणि राजकारण म्हणजे मी निवडणुका आणि पक्ष म्हणत नाहीये. गोष्टीत अधिकार कुणाच्या हातात आहे, कुणाला माणूस म्हणून मोजलं जातं, कायदा कुणाला वाचवतो आणि कुणाला नाही, एवढंच.

आधी तारीख बघा

पानं उलटायच्या आधी अंक कधी आला ते बघायचं. आणि इथे एक गंमत लक्षात ठेवा, जुन्या अमेरिकन कॉमिक्सवर छापलेला महिना हा विक्रीला आलेला महिना नसतो, तो पुढचा असतो, म्हणजे अंक स्टॅंडवर जास्त दिवस ताजा वाटावा म्हणून दोन-तीन महिने पुढची तारीख टाकायचे. अमेरिकेच्या झेंड्याच्या पोशाखातला सुपरहिरो कॅप्टन अमेरिका, त्याच्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ लिहिलंय पण तो हातात पडला डिसेंबर १९४० मध्ये. पर्ल हार्बर या अमेरिकन तळावर जपानचा हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला, म्हणजे अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्ष बाकी होतं, देशात युद्धापासून लांब राहा म्हणणारे भरपूर होते, आणि जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू पोरांनी कव्हरवर काय काढलं तर हिटलरच्या तोंडावर सणसणीत ठोसा.

हे कव्हर मोठं करून नीट बघा, पाच मिनिटं द्या त्याला. कॅप्टनच्या हातात ढाल आहे पण ती आजच्यासारखी गोल नाही, त्रिकोणी आहे. आजूबाजूचे नाझी सैनिक गोळ्या झाडतायत. जमिनीवर अमेरिकेचा नकाशा पडलाय. आणि मागे भिंतीवर टीव्हीसारखा एक पडदा आहे, त्यात एक माणूस अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवताना दिसतो. मी कितीतरी वर्षं फक्त ठोसा बघत होते, पडदा आणि नकाशा मला दिसलाच नव्हता! चित्रकार सांगतोय की हे लांबचं युद्ध नाही, ते तुमच्या घरापर्यंत आलंय, आणि हे सांगायला त्याला एकही संवाद लागला नाही. सायमननी नंतर सांगितलं की त्यांना धमक्या आल्या आणि ऑफिसला पोलिसांचा पहारा लावावा लागला. आता या अंकाला "नुसती मारामारी" म्हणायचं तर म्हणा, पण तारीख बघून म्हणा.

तारखेचा नियम मी स्वतः चूक करून शिकले. एकदा त्याच मित्राशी वाद घालताना मी ठामपणे सांगितलं की एक्स-मेनमधला (म्युटंट, म्हणजे जन्मतः अचाट शक्ती असलेल्या माणसांचं कॉमिक) मॅग्नेटो सुरुवातीपासूनच नाझींच्या छळछावणीतून वाचलेला, दुखावलेला माणूस आहे. त्याने शांतपणे १९६३ चा पहिला अंक समोर ठेवला. त्यातला मॅग्नेटो एक लष्करी क्षेपणास्त्र तळ ताब्यात घेतो, जग जिंकायच्या गोष्टी करतो, आणि बास, साधा खलनायक. छळछावणीचा भूतकाळ त्याला लेखक क्रिस क्लेरमॉंटच्या काळात, १९८१ च्या आसपास मिळाला. म्हणजे मी नंतर भरलेला अर्थ सुरुवातीच्या अंकावर लादत होते, आणि मित्र त्याच्या उलट, नंतरचं सगळं भेसळ म्हणत होता. आमच्या दोघांचंही तारखेकडे लक्ष नव्हतं.

मग विचारा, हे दाखवायला परवानगी कुणाची लागत होती

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि फॅन लोक हीच सोडून देतात.

१९५४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या एका उपसमितीने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात का यावर सुनावण्या घेतल्या. त्यानंतर सरकारने कायदा करायच्या आधी प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता केली, कॉमिक्स कोड, आणि कव्हरच्या कोपऱ्यात तिचा शिक्का छापायला लागले. शिक्का नसेल तर वितरक अंक उचलायचे नाहीत, त्यामुळे म्हणायला ऐच्छिक पण खरं तर सक्तीच. त्यातले नियम शोधून एकदा वाचाच. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. प्रत्येक वेळी चांगल्याचाच विजय झाला पाहिजे आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे.

हे वाचलं तेव्हा मी वाचता वाचता थांबले, कारण माझा मित्र ज्याला "पूर्वीची साधी मजा" म्हणतो ती नेमकी हीच. पोलीस नेहमी चांगला, अधिकारी नेहमी खरा, शेवट नेहमी गोड, हे काही निरागसपणातून आलेलं नव्हतं, ते लेखी नियमात होतं. पन्नास-साठच्या दशकांतल्या अंकात राजकारण नाही असं वाटतं कारण एकाच प्रकारचं राजकारण छापायला परवानगी होती आणि ते इतकं सगळीकडे होतं की दिसेनासं झालं.

याचं एक उदाहरण जरा जवळून दाखवते. ईसी कॉमिक्स या प्रकाशनाने १९५३ मध्ये 'जजमेंट डे' नावाची एक छोटी गोष्ट छापली होती, लेखक अल फेल्डस्टीन, चित्रं जो ऑरलॅंडोची. पृथ्वीवरून एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला येतो, या ग्रहाला आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात घ्यायचं का ते ठरवायला. तिथे नारिंगी यंत्रमानव आणि निळे यंत्रमानव आहेत. आतले भाग सगळे सारखे, फरक फक्त वरच्या पत्र्याच्या रंगाचा, पण निळ्यांची वस्ती वेगळी, कामं हलकी, आणि बसमध्ये त्यांनी मागे बसायचं. अंतराळवीर सांगतो की तुमची अजून तयारी झालेली नाही, आणि यानात परत जातो. पूर्ण गोष्टभर त्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे. अगदी शेवटच्या चौकटीत तो ते काढतो आणि आपल्याला पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसतो, काळा माणूस, कपाळावर घामाचे थेंब, ते लांबच्या ताऱ्यांसारखे चमकतायत. त्या चौकटीत कुणीही काही बोलत नाही.

अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत काळ्या लोकांना बसमध्ये मागे बसवायचे, त्यावरून त्यांचा बसवर बहिष्कार सुरू झाला डिसेंबर १९५५ मध्ये, म्हणजे गोष्ट त्याच्या दोन वर्षं आधीची. ईसीला ती परत छापायची होती तेव्हा कोड आलेला होता, आणि कोडच्या प्रमुखाने सांगितलं की हा माणूस काळा चालणार नाही. चेहरा बदलला तर गोष्टीत उरतं काय? प्रकाशक विल्यम गेन्स अडून बसला, सगळं जाहीर करीन म्हणाला, मग निदान घामाचे थेंब तरी काढा अशी मागणी आली, तीही त्याने धुडकावली आणि १९५६ ची तारीख असलेल्या अंकात गोष्ट होती तशी छापली. ईसीचं ते शेवटचं कॉमिक बुक ठरलं. मला अजूनही ती चौकट बघताना घशात दाटून येतं, आणि मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मला यातला काहीच इतिहास माहीत नव्हता.

पुढचं पटकन सांगते. १९७१ मध्ये अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याच्या सांगण्यावरून मार्व्हल प्रकाशनाच्या स्टॅन लीने स्पायडर-मॅनमध्ये ड्रग्जच्या विरोधातली गोष्ट लिहिली, ड्रग्जचा उल्लेखच नको म्हणून कोडने शिक्का नाकारला, मार्व्हलने ते तीन अंक (९६ ते ९८) शिक्क्याशिवाय काढले आणि त्याच वर्षी कोड सैल झाला. भ्रष्ट अधिकारी दाखवायला थोडी वाट मिळाली. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं वॉटरगेट प्रकरण पेटलेलं असताना कॅप्टन अमेरिका एका गुप्त संघटनेच्या म्होरक्याचा पाठलाग करत थेट व्हाइट हाउसमध्ये पोहोचतो, तिथे तो म्होरक्या आत्महत्या करतो, आपल्याला त्याचा चेहरा दाखवत नाहीत, आणि कॅप्टन आपला पोशाख उतरवून ठेवतो. हे अंक वाचताना मी तारखांची एक साखळी कागदावर काढली, १९५४, १९७१, १९७४, आणि मित्राला फोटो पाठवला. त्याने फक्त "बघतो" असं उत्तर दिलं, पण त्याच्याकडून "बघतो" म्हणजे बरंच.

संवादाकडे कमी, किंमत कोण मोजतं तिकडे जास्त लक्ष द्या

हिरो तोंडाने काय म्हणतो यावरून गोष्टीचं राजकारण ठरवू नका. भाषण कुणालाही लिहिता येतं. शेवटी कुणाचं घर गेलं, कोण मेलं, कुणाच्या मरणावर दोन पानं खर्च झाली आणि कुणाच्या मरणावर अर्धी चौकट, हे मोजा. खरंच मोजा, पेन्सिल घेऊन.

एक्स-मेनबद्दल माझी एक तक्रार आहे, ती इथेच सांगून टाकते कारण प्रेमापोटीच आहे. म्युटंट म्हणजे ज्यांना समाज नाकारतो ते सगळे, ही कल्पना मला जीव की प्राण आहे, तिने कितीतरी एकट्या पोरांना आधार दिलाय. पण ज्याच्या डोळ्यातून इमारत पाडणारे किरण निघतात त्याची शेजाऱ्याला भीती वाटणं आणि एखाद्याच्या रंगाची किंवा धर्माची भीती वाटणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत, दुसऱ्या भीतीला काही आधारच नसतो. रूपक कुठपर्यंत साथ देतं आणि कुठे हात सोडतं ते बघायची सवय लावून घ्या, म्हणजे कुणी तुम्हाला तिथे पकडलं तर गडबडायला होत नाही.

आणि जिथे आवडत्या गोष्टीने वाईट केलंय तिथे पान उलटून पुढे पळू नका. युद्धाच्या वर्षांतल्या त्याच कॉमिक्समध्ये जपानी माणसं ज्या घाणेरड्या पद्धतीने काढलीत ती बघवत नाहीत. हिटलरला मारलेला ठोसा खरा आहे आणि ही चित्रंपण खरी आहेत, दोन्ही एकाच कपाटात ठेवायला लागतात.

टीव्ही बघताना एकदा आवाज बंद करा

कॉमिकमध्ये आपण थांबू शकतो, टीव्हीवर एपिसोड आपल्याला ओढत नेतो, म्हणून युक्ती वेगळी लागते. पहिल्यांदा एपिसोड मनसोक्त बघा, वही पेन काही नको, रडायचं तर रडा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. कोण खुर्चीत बसलंय, कोण उभं आहे, यंत्राची बटणं कुणाच्या हाताखाली आहेत, क्लोजअप कुणाला मिळतो. १९६६ ची स्टार ट्रेक, अंतराळयानातली सिरीज, अशी बघितली की कळतं, उहुराच्या वाट्याला संवाद फार नाहीत पण ती जहाजाच्या ब्रिजवर अधिकारी म्हणून बसलेली आहे, कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही, आणि तेच तेव्हा विशेष होतं. उहुरा झालेल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री निचेल निकोल्स पहिल्या सीझननंतर सोडून निघाल्या होत्या आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबायला सांगितलं, हा किस्सा त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलाय. पुढे १९७७ पासून त्यांनी नासासाठी नवे अंतराळवीर शोधायला मदत केली, विशेषतः बायका आणि कृष्णवर्णीय.

मात्र टीव्हीचं एक लक्षात ठेवा, दाखवणारा काय म्हणतोय आणि बघणारा काय घेतोय यात फार अंतर पडू शकतं. १९७१ ला सुरू झालेली 'ऑल इन द फॅमिली' ही सिरीज आर्ची बंकर नावाच्या पूर्वग्रहांनी भरलेल्या माणसाला उघडं पाडायला लिहिलेली होती. १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या दोन अभ्यासकांना दिसलं की ज्यांच्या मनात मुळात पूर्वग्रह जास्त होते त्यांना आर्चीच बरोबर वाटत होता, शेवटी तोच जिंकतो असं वाटत होतं. कायदा हातात घेऊन गुन्हेगारांना मारणारा मार्व्हलचा पनिशर, त्याच्या छातीवरच्या कवटीचं तेच झालं. १९७४ मध्ये जेरी कॉनवेने तो लिहिला तेव्हा कायदा जिथे फसला तिथून आलेला माणूस म्हणून लिहिला होता, आणि पुढे पोलिसांच्या गाड्यांवरच ती कवटी दिसायला लागली. २०१९ च्या एका अंकात तर पनिशर स्वतः पोलिसांच्या गाडीवरचं ते स्टिकर फाडतो आणि सांगतो की आदर्शच हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा. म्हणून मी नेहमी एक प्रश्न विचारते, ज्याला उलटा अर्थ काढायचाय त्याच्या हाताला या गोष्टीत काय लागतं? भारी पोशाख, धमाकेदार एन्ट्री, टाळ्यांचं वाक्य, हे सगळं एका पात्राला दिलं की मग लेखकाच्या हेतूची ताकद कमी पडते.

श्रेयनामावली सोडू नका

सुपरमॅन तयार करणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांना १९३८ मध्ये त्या पात्राचे सगळे हक्क देऊन १३० डॉलर मिळाले. एकशे तीस. १९७५ मध्ये चित्रकारांनी आणि फॅन लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कंपनीने त्यांना पेन्शन द्यायचं आणि नाव परत छापायचं कबूल केलं. बॅटमॅन घडवणाऱ्यांपैकी एक बिल फिंगर, त्याचं नाव बॅटमॅनवर यायला २०१५ उजाडलं, तो १९७४ मध्येच गेला होता. गोष्टीत न्याय आहे का ते बघताना गोष्ट बनवणाऱ्याला न्याय मिळाला का हे पण बघा, ते पण त्या अंकाचं राजकारणच आहे. त्यामुळे पोस्ट टाकताना नुसतं कंपनीचं नाव लिहू नका, लेखक, चित्रकार, रंग भरणारा, अक्षरं काढणारा, सगळ्यांची नावं लिहा, दोन मिनिटांचं काम आहे.

फॅन म्हणून काही करायचं असेल तर

स्टार ट्रेक दुसऱ्या सीझननंतर बंद होणार अशी हवा होती तेव्हा बिजो ट्रिंबल आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने पत्रांची मोहीम चालवली, आणि १९६८ मध्ये चॅनलला चक्क एपिसोड संपल्यावर जाहीर करावं लागलं की सिरीज चालू राहणार आहे. त्यातून मी शिकले ते असं, एकच मजकूर हजार जणांनी पाठवला की तो एक मानला जातो, स्वतःच्या शब्दात लिहिलेलं प्रत्येक पत्र वेगळं मोजलं जातं. छोटं लिहा, एकच मागणी ठेवा, शिवी अजिबात नको, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्यालाच पाठवा. १९७६ मध्ये फॅन लोकांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना पत्रं पाठवून पहिल्या स्पेस शटलचं नाव एंटरप्राइझ ठेवायला लावलं. ते यान फक्त चाचण्यांसाठी होतं, अवकाशात कधी गेलंच नाही, पण नाव मिळालं.

जपून ठेवणं हे पण मोठं काम आहे. बीबीसीने 'डॉक्टर हू' या आपल्या सिरीजचे साठच्या दशकातले कितीतरी एपिसोड पुसून टाकले, पण हरवलेल्या प्रत्येक एपिसोडचा आवाज आज शिल्लक आहे, कारण काही पोरं घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसायची.

आणि कलाकारांच्या मागे लागू नका, कुठल्याही बाजूने. अभिनेत्री केली मेरी ट्रानने २०१८ मध्ये स्टार वॉर्समधल्या भूमिकेवरून इतकं ऐकून घेतलं की तिने इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट काढून टाकल्या. पटकथा तिने लिहिली नव्हती. राग आला तर तो कथेवर काढा, अंक नंबर देऊन, सीन सांगून. वादात समोरच्याने "हल्ली सगळं बिघडलंय" म्हटलं की मी आता एवढंच विचारते, कुठला अंक? कुठलं पान? अर्धे वाद तिथेच थांबतात आणि उरलेले अर्धे खूप छान होतात, कारण मग दोघं मिळून पान उघडतात.

मी एक वही ठेवते, एका अंकाला किंवा एपिसोडला एक पान. वर विक्रीची खरी तारीख, खाली त्या महिन्यात जगात काय चालू होतं ते दोन ओळीत, मग बनवणाऱ्यांची नावं, मग किंमत कुणी मोजली, आणि शेवटी मला काय आवडलं ते, हे शेवटचं कधीच रिकामं ठेवत नाही. गेल्या आठवड्यात मित्र आला होता तेव्हा वही चाळत बसला, 'जजमेंट डे'च्या पानावर बराच वेळ थांबला, आणि मग त्याने पेन घेऊन समासात लिहिलं, "घामाचे थेंबच का काढायला सांगितले असतील?" मी खाली माझं उत्तर लिहिलंय, त्याला अजून दाखवलं नाही.